व्यसनमुक्तीच्या कामात यायचंय? नागपूरकरांसाठी पायरीपायरीने

दरवर्षी जून लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "ताई, भाचीला समुपदेशक व्हायचं म्हणते, कोणता कोर्स करू द्यायचा?" नाहीतर, "भाऊ दारूतून सुटला माझा, आता मलाच या कामात यावंसं वाटून राहिलं." प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेलं बरं. मी नागपुरातच एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केली आणि पुढची सगळी वर्षं व्यसनमुक्ती केंद्रांत नि दवाखान्यांत गेली. त्यामुळे इथे जे सांगते ते याच शहराचं आहे. बारावी झालेल्यांना, कुठलीतरी पदवी हातात घेऊन बसलेल्यांना आणि पस्तिशीत नोकरी बदलू पाहणाऱ्यांना, तिघांनाही चालेल.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते. हे काम अर्धं ऐकण्याचं आणि अर्धं लिहिण्याचं आहे, बोलण्याचं फार थोडं. "मला लोकांना छान समजावता येतं" एवढ्या भांडवलावर येणाऱ्यांची पहिल्या सहा महिन्यांत फार ओढाताण होते. समजावणारे लोक पेशंटला घरीच भरपूर मिळालेले असतात.

पायरी १ : फी भरण्याआधी चार ठिकाणी जाऊन बसा

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची बिरादरी. १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, आज आपल्याकडे गावोगावी तिचे गट आहेत, नागपुरातही आहेत. त्यांच्या काही मीटिंगा 'क्लोज' असतात, म्हणजे फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी. काही 'ओपन' असतात, तिथे तुम्हीआम्ही कोणीही जाऊन बसू शकतो. आधी फोन करून विचारा, मागच्या खुर्चीवर बसा, फोन बंद ठेवा आणि वही काढू नका. कोण आलं होतं, कोण काय बोललं, हे त्या खोलीबाहेर न्यायचं नाही. तिथे आडनावही कोणी विचारत नाही.

माझ्या पहिल्या मीटिंगला साठीच्या घरातले एक गृहस्थ उठले, नाव सांगितलं, "मी दारुडा आहे" म्हणाले आणि पुढची दहा मिनिटं मुलीच्या लग्नात आपण मांडवात कसे नव्हतो ते सांगत राहिले. त्यांच्या आवाजात ना रडणं होतं ना फुशारकी. कोणी सल्ला दिला नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते बसले, दुसरा उठला. मला मात्र मधेच काहीतरी बोलावं, धीर द्यावा, अशी इतकी खुमखुमी येत होती की मी ओठ दाबून बसले होते. तुम्हालाही ती येईल. ती खुमखुमी आवरणं हा या विषयाचा पहिला धडा, आणि तो फुकट मिळतो.

व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनचे वेगळे गट असतात. तिथेही विचारून एखादी ओपन मीटिंग पाहा. त्यानंतर एखाद्या केंद्रात आठवडाभर स्वयंसेवक म्हणून जा. चहा वाटा, सतरंज्या घाला, रजिस्टरवर रेघा मारा. आठव्या दिवशीही जावंसं वाटलं तर पुढे वाचा.

पायरी २ : कोण काय करतं ते समजून घ्या

औषध देतो तो डॉक्टर, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. मानसशास्त्रीय चाचण्या आणि खोलवरचे उपचार करतो तो चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती साध्या एमएने मिळत नाही. मनोविकार विभागातला समाजकार्यकर्ता घर, नोकरी, कोर्टकचेरी, सरकारी योजना यांच्याशी पेशंटची मोट बांधतो. आणि तुम्ही नवखे समुपदेशक? तुमच्याकडे पहिली नोंद, व्यसनाचा इतिहास, रोजचा गट, घरच्यांची भेट, डिस्चार्जनंतरचे फोन. कमी महत्त्वाचं नाही हे. डॉक्टर पेशंटला दहा मिनिटं पाहतो, तुम्ही महिनाभर.

'समुपदेशक' ही पाटी आजवर कोणीही लावत आलं आहे. पण २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात मनोविकार आणि वैद्यकीय समाजकार्यकर्ते, वर्तन-आरोग्य समुपदेशक हे सगळे आले आहेत. म्हणजे पुढे नोंदणी लागणार, आणि नोंदणीसाठी पदवी लागणार. आज शॉर्टकट मारणाऱ्याची उद्या पंचाईत आहे.

पायरी ३ : कोर्स निवडा

माझं मत सरळ आहे. नोकरी हवी असेल तर समाजकार्य. केंद्रांच्या आणि सरकारी कंत्राटी जागांच्या जाहिरातींत 'समाजकार्य किंवा मानसशास्त्र' असं असतं खरं, पण समाजकार्यवाल्याला आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्कची सवय लागलेली असते. त्याला वॉर्डात पहिल्या दिवशी गरगरत नाही.

बारावीनंतर बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, तीन वर्षं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथं वर्षही करता येतं. पदवी असेल तर थेट एमएसडब्ल्यू, दोन वर्षं. त्याला सहसा कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. माझ्या वर्गात दोन बीकॉम आणि एक शेतकी पदवीधर होता. नागपुरात बजाजनगरची मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था १९५८ पासूनची आहे, सिव्हिल लाइन्सला तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे. ही दोन नावं विदर्भात सगळ्यांच्या तोंडी असतात. आणखीही महाविद्यालयं आहेत. प्रवेशाचे नियम आणि तारखा दरवर्षी हलतात, त्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावरच पाहा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. एमएसडब्ल्यूमध्ये विशेष विषय निवडायचा असतो. वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य मिळालं तर डोळे मिटून घ्या. नाही मिळालं तर कुटुंब आणि बालकल्याण घ्या आणि फिल्डवर्क मात्र केंद्रात मागून घ्या.

मानसशास्त्राकडेच ओढा असेल तर एमए करा, पण एक सावधगिरी बाळगा. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला मनाई केली आहे. त्यामुळे "घरबसल्या एमए सायकॉलॉजी" अशी जाहिरात आता दिसली तर दोन पावलं मागे सरा. समाजकार्याला दूरशिक्षणाने जायचं असेल तर इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, विभागीय केंद्र नागपुरातच आहे. तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा, आणि कोर्स यूजीसीच्या मान्य यादीत त्या वर्षासाठी आहे का हे स्वतः तपासा.

"पंधरा दिवसांत प्रमाणित समुपदेशक" वाल्यांबद्दल इतकंच: प्रमाणपत्र गुळगुळीत कागदावर येतं, फ्रेम करता येतं. मुलाखतीत त्याला कोणी हात लावत नाही.

पदवीच्या वर चढवायला चांगली लहान प्रशिक्षणं मात्र आहेत. दिल्लीचं राष्ट्रीय समाज रक्षा संस्थान व्यसनमुक्तीच्या कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षणं घेतं. पुण्याचं मुक्तांगण, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, एकदा तरी पाहून याच. तिथे पेशंटला 'रुग्णमित्र' म्हणतात, आणि तो नुसता शब्द नाही हे आत गेल्यावर कळतं. इंग्रजी वाचता येत असेल तर इस्सप या आंतरराष्ट्रीय संघटनेचा उपचार-अभ्यासक्रमही कामाचा आहे.

पायरी ४ : वर्गात जे शिकवत नाहीत ते आधी शिका

कॉलेजात केसवर्कची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, तत्त्वं पाठ होतात. पण 'पव्वा म्हणजे किती' हे कोणी सांगत नाही. ते मी सांगते.

आपल्याकडे एक युनिट म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ३० मिलि व्हिस्की किंवा रम म्हणजे एक युनिट. म्हणजे १८० मिलिची क्वार्टर, तोच पव्वा, झाली ६ युनिट. "मॅडम, मी तर फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याची ६५० मिलिची स्ट्राँग बाटली झाली ४ युनिट. रोज संध्याकाळी दोन बाटल्या 'फक्त बिअर' घेणारा माणूस क्वार्टरवाल्याच्या पुढे गेलेला असतो. हा हिशेब कागदावर पेशंटच्या समोर, त्याच्याच हाताने करायला लावा. मोहाच्या दारूचा असा हिशेब होत नाही, कारण तिची तीव्रता भट्टीगणिक बदलते. हे नागपुरात माहीत असलंच पाहिजे, कारण आपल्याकडे पेशंट चारही दिशांनी येतात. वर्ध्यात दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदीच्या जिल्ह्यातला माणूस काय, कुठून आणि कसं पितो हे शहरातल्यापेक्षा वेगळं असतं. विचारा, गृहीत धरू नका.

जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची यादी पाठ करा. गुण ० ते ४०. ८ किंवा त्याहून जास्त आले की धोका, २० किंवा त्याहून जास्त आले की अवलंबित्वाची दाट शंका. आणि अवलंबित्व म्हणजे काय, त्याच्या सहा खुणा: अनावर तलफ, सुरू केल्यावर ताबा न राहणं, बंद केल्यावर अंगाला त्रास, तेवढ्याच नशेसाठी जास्त लागणं, बाकीच्या गोष्टींतला रस जाणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. वर्षभरात यातल्या तीन एकत्र दिसल्या तर तो 'नाद' राहिलेला नाही, आजार झाला.

आता तिसरी खूण, बंद केल्यावरचा त्रास. इथे मी थांबणार आहे, कारण ती मला फार महागात पडली.

एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष. फिल्डवर्कला एक खाजगी केंद्र, नाव नको. आदल्या दिवशी सकाळी भरती झालेले एक काका माझ्यासमोर बसवले गेले. माझ्या हातात आठ पानांचा इतिहासाचा फॉर्म. नाव, गाव, शिक्षण, पहिला घोट कधी. काकांनी पाण्याचा स्टीलचा ग्लास उचलला तर हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी माझ्या फॉर्मवर. मी गोड हसून कागद झटकला आणि रकान्यात लिहिलं, 'पेशंट घाबरलेला आहे.' कपाळावर घाम होता, मी पंखा वाढवला. 'वडिलांशी संबंध कसे होते' या प्रश्नावर काका ताठ झाले, डोळे फिरले आणि खुर्चीवरून खाली. फिट. वॉर्डबॉय धावत आला तो चप्पल घेऊन, हुंगवायला. केंद्रात त्या वेळी डॉक्टर नव्हता. ऑटोत घालून मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, नेलं. वाचले ते. माझ्या फाइलीत तो फॉर्म अजून आहे, पाण्याने पसरलेल्या शाईचा.

रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की ६ ते २४ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. फिट यायची ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो. माणसाला भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना ओळखत नाही, आणि उपचार नसले तर जिवावर बेतू शकतं. हा काळ औषधांचा, डॉक्टरचा. तुमचं काम हात पाहणं, घाम पाहणं, शेवटचा घोट किती वाजता घेतला हे विचारणं आणि ताबडतोब कळवणं. वडिलांशी संबंध पुढच्या आठवड्यात.

दुसरी एक गोष्ट तुम्हाला शंभर वेळा विचारली जाईल. "मॅडम, त्याला न सांगता भाजीत घालून द्यायचं औषध आहे ना एक?" आहे, आणि ते असं द्यायचं नाही. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो; जीवही जाऊ शकतो. ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच देतो. 'गुप्त औषधा'च्या जाहिराती भिंतीभिंतीवर असतात म्हणून तुम्ही हे चोख सांगू शकलं पाहिजे.

आता खर्रा. खर्ऱ्यावर न बोलता नागपुरात व्यसनावर बोलणं म्हणजे संत्र्याशिवाय नागपूर. प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू, चुना टाकून पानठेल्यावरचा पोऱ्या तो तळहाताने घोटतो, त्याचा तो चर्र-चर्र आवाज ऐकला की सोडलेल्याच्याही तोंडाला पाणी सुटतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; खर्रा कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यातले बहुतेक धुराविना, म्हणजे चघळणारे. त्यात नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे. सुपारीने तोंड आतून आवळत जातं. पेशंटला त्याचीच तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर समुपदेशन नंतर, आधी मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा. अवलंबित्व मोजायला एक प्रश्न पुरतो: "सकाळी उठल्यावर पहिली पुडी किती वेळाने?" पाच मिनिटांच्या आत म्हणाला, की काम अवघड आहे असं समजा. आणि हो, तुम्ही स्वतः खर्रा खात असाल तर तो आधी सोडा. पेशंट दात पाहतात.

गांजा, एमडी (मेफेड्रोन), झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधं, मुलांमधलं सोल्युशन हुंगणं, हे सगळं हळूहळू समोर येईल. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मुलांत १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के होतं. एवढ्या एकाच प्रकारात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत. स्टेशनच्या परिसरात काम करायचं ठरवलंत तर हे आकडे तुम्हाला चेहऱ्यांसकट भेटतील.

पायरी ५ : फिल्डवर्क आणि रेकॉर्डिंग

डिग्री यातच मिळते, बाकी परीक्षा आहेत. एजन्सी, म्हणजे फिल्डवर्कची जागा, नेमताना शिक्षकांकडे हट्ट धरा. निदान एक सत्र मनोविकार विभागात, एक व्यसनमुक्ती केंद्रात. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स इथे मनोविकार विभाग आहेत. मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चारपैकी एक. बाकी तीन ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला. तिथे जायला ऑटोवाल्याला नीट पत्ता सांगितला तरी तो "म्हणजे पागलखाना चौक ना?" म्हणून खात्री करून घेतो. मी दरवेळी "मनोरुग्णालय" म्हणते, तो दरवेळी "हव, तेच" म्हणतो.

रेकॉर्डिंग म्हणजे भेटीचा शब्दशः वृत्तांत. त्याने काय म्हटलं, तुम्ही काय म्हटलं, मधे किती शांतता होती. बहुतेक विद्यार्थी त्याचा सारांश लिहितात: 'पेशंटला दारूचे दुष्परिणाम समजावून सांगितले.' हे खोडून टाका. माझ्या एका जुन्या रेकॉर्डिंगमधला तुकडा देते, ओळख पुसून:

मी: "तुम्ही का पिता?"
तो: "का म्हणजे? दिवसभर हमाली करतो. अंग दुखते. तुम्ही एक दिवस पोतं उचलून पाहा."
मी: "पण त्याने घराचं किती नुकसान होतं!"
तो: "घराला पैसे मीच देऊन राहिलो ना. विचारा तिले."

पुढची वीस मिनिटं तो दारूची बाजू मांडत होता आणि मी विरोधी पक्ष. आमच्या सुपरवायझर बाईंनी 'का' या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'का विचारलंस की माणूस वकील होतो.' पुढच्या आठवड्यात त्याच माणसाला विचारलं, "कालचा दिवस उठल्यापासून सांगा बरं." तो सांगत गेला. दुपारी तीनला पहिला पव्वा, आणि मग मधेच स्वतःच म्हणाला, "पोरगी शाळेतून येते तवा मी घरी नसलेलाच बरा असतो." मी काही बोलले नाही. खूप वेळाने तो म्हणाला, "नाही का?"

याला शास्त्रात नाव आहे, प्रेरणात्मक मुलाखत. मिलर आणि रोलनिक या दोघांनी ती मांडली. माणूस बदलायला तयार आहे की नाही याचेही टप्पे प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी सांगितले आहेत. 'विचारच नाही' या टप्प्यावरच्या माणसाला तुम्ही 'उद्यापासून सोड' म्हणालात तर तो उद्यापासून तुमच्याकडे यायचं सोडतो. पुस्तकं वाचाच. पण दर आठवड्याला एक शब्दशः रेकॉर्डिंग लिहून त्यातले स्वतःचे 'का', 'पण' आणि 'खरं तर' मोजलेत, तर तेवढ्याने जे येईल ते पुस्तकाने येत नाही.

पायरी ६ : कायदा, थोडक्यात पण चोख

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक आजार त्यात येतात, त्यामुळे केंद्राला नोंदणी लागते, पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क आहे आणि कोणालाही साखळीने बांधता येत नाही. कोणत्याही कारणाने. "गाडी पाठवा, रात्री झोपेत उचलून न्या" असे फोन घरचे हतबल होऊन करतात. त्यांच्यावर चिडू नका, पण तसं नेणाऱ्या केंद्रात नोकरीही करू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या अमली पदार्थ वापरणाऱ्याला १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ६४-ए मध्ये काही संरक्षण आहे, हे माहीत असू द्या. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. तिथे 'गोपनीयता' आड येत नाही, आणि हे पेशंटला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं असतं. घरात मारहाण असेल तर नवरा-बायकोला एकत्र समोरासमोर बसवू नका. खोलीत ती जे बोलेल त्याचा हिशेब घरी होतो. तिला वेगळं भेटा, १८१ नंबर द्या.

गोपनीयतेची खरी परीक्षा ओपीडीत नाही, बर्डीच्या बाजारात होते. नागपूर कितीही वाढलं तरी बर्डीवर शनिवारी संध्याकाळी कोणी ना कोणी भेटतंच. पेशंट बायकोमुलांसोबत समोरून येतो. तुम्ही ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर साधा नमस्कार. हेही पहिल्या भेटीत सांगा, नाहीतर तो म्हणतो, "मॅडमनं तोंड फिरवलं."

पायरी ७ : फॉलोअपचं रजिस्टर

डिस्चार्जनंतर काम सुरू होतं असं सगळे म्हणतात आणि फोन कोणी करत नाही. पहिले तीन महिने दर आठवड्याला. फोनवर "पीत तर नाही ना?" हा प्रश्न पोलिसाचा आहे, "झोप कशी आहे? गोळ्या संपल्या का?" विचारा. पुन्हा प्यायला तर ती 'स्लिप'. लाजेने यायचंच बंद होऊ नये, एवढं पाहा.

सणांची यादी रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवा. होळी-धुळवड, पोळा, एकतीस डिसेंबर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं इतवारी-महाल रस्त्यावर असतं. आणि त्याच दोन दिवसांत आमच्याकडे सर्वांत जास्त स्लिपा होतात. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी मी दुसरं काहीच करत नाही, सकाळपासून फोन लावते. कोण कुठे जाणार, सोबत कोण, साडू येणार का. साडू फार धोक्याचे असतात.

नंबर मात्र केंद्राचा द्या, स्वतःचा नाही. रात्री-अपरात्रीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही फुकट आहेत. चिठ्ठीवर लिहून द्या.

पायरी ८ : नोकरी

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था एकात्मिक पुनर्वसन केंद्रं चालवतात. नवख्याला पहिली संधी बहुतेक तिथे. शिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी जागा: तंबाखू नियंत्रण, मानसिक आरोग्य, किशोरवयीन मुलांची क्लिनिकं, एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक. या जाहिराती जिल्हा परिषदेच्या नि महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळांवर येतात आणि अर्जाची मुदत बरेचदा आठवड्याभराची असते. कागदपत्रांची फाइल आधीच तयार ठेवा. जातीचा दाखला, डोमिसाइल, सगळ्या गुणपत्रिका, साक्षांकित.

पैशाचं खरं सांगते. सुरुवातीचं मानधन कमी असतं, कंत्राट बहुधा अकरा महिन्यांचं, आणि अनुदानावरच्या संस्थेत अनुदान लांबलं की पगार लांबतो. घरभाडं आणि हप्ते डोक्यावर असतील तर पहिल्या वर्षासाठी चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच उडी मारा. इतर समुपदेशनाच्या जागांचा अनुभवही चालतो, त्यामुळे एचआयव्ही केंद्रात वर्षभर काढून मग व्यसनमुक्तीत येणं ही वाट वाईट नाही.

स्वतः व्यसनातून बाहेर आलेले असाल तर केंद्रांत तुमच्यासाठी वेगळ्या जागाही असतात. तुमचं बोलणं पेशंट आमच्या दहापट ऐकतो. पण निदान एक-दोन वर्षं स्थिर राहिल्याशिवाय येऊ नका, आणि आल्यावर स्वतःची मीटिंग सोडू नका. दुसऱ्यांना सावरताना स्वतःची मीटिंग सुटलेली दोन माणसं मी पाहिली आहेत.

मुलाखतीला जाताना दोन शब्दशः रेकॉर्डिंग सोबत न्या, नावं-गावं पुसलेली. गुणपत्रिकेपेक्षा ती जास्त बोलतात. 'पेशंट म्हणाला मला सोडायचीच नाही, तर काय कराल?' हा प्रश्न येणारच. लगेच उत्तर देऊ नका, दोन क्षण थांबा, तेच अर्धं उत्तर आहे. मग तुमची पाळी आली की तुम्ही विचारा: भरतीचं रजिस्टर कोण ठेवतं, घरच्यांना भेटायचा दिवस कोणता, माझ्या केसेस कोण तपासणार. आणि शेवटी, रात्री डॉक्टर कोण असतो? "आमचा वॉर्डबॉय फार अनुभवी आहे" असं उत्तर आलं, तर चहा संपवा, नमस्कार करा आणि निघा. बाहेर ऑटो मिळाला नाही तर चालत निघा.